काचेच्या आतून

१

थंडीत ट्रक तापवायचा म्हणजे नुसती किल्ली फिरवून भागत नाही. गारठलेलं डिझेलचं इंजिन झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखं वागतं. आधी खोकतं, मग कुरकुरतं आणि त्याच्या मनात येईल तेव्हाच पाय जमिनीवर टेकवतं. घाई केली तर दिवसभर रुसून बसतं. डेपोतल्या सगळ्या ड्रायव्हरांना हे ठाऊक होतं, पण पाळायचा तो एकटाच. म्हणून त्याचं नाव पडलं होतं सावकाश. त्याचं खरं नाव बहुधा ताईलाच तेवढं आठवत असावं, आणि तीही चिडली तरच ते वापरायची.

ताई त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाकडे चार दिवस म्हणून राहायला आली आणि तिथलीच झाली. गावाच्या अगदी कडेला त्यांचं बसकं घर. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर मोकळी जागा आणि तिथे खिडकीकडे तोंड करून ट्रक उभा. भावाने लग्न केलं नाही, त्याचा सगळा जीव त्या गाडीत, म्हणून ताई ट्रकला वहिनी म्हणायची.

"वहिनी उठल्या का रे?" ती रोज सकाळी विचारायची.

"अंग मोडतायत," तो सांगायचा.

उजाडलं की रात्री बॉनेटवर टाकलेली जुनी रजई काढायची. काचेवर धरलेली बर्फाची साय प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायची. किल्ली अर्धी फिरवून इंजिन पेटायला तयार होईपर्यंत, म्हणजे समोरचा पिवळा दिवा विझेपर्यंत, हातावर फुंकर मारत बसायचं आणि मगच स्टार्टर मारायचा. इंजिन धडधडलं, मागून पांढऱ्या धुराचा लोट आला, की हँडब्रेक तपासून घरात यायचं. चहा घेताना त्याचे कान बाहेर असायचे. सुरुवातीला आवाज खडखडीत असतो, कोपरे असलेला. हळूहळू तो गोल होत जातो. आवाज गोल झाला की कप खाली ठेवायचा आणि निघायचं. ट्रकमध्ये मैद्याची पोती असत. आधी गावातली बेकरी, मग घाटापलीकडच्या.

त्या सकाळी त्याने काच खरवडली तेव्हा एक डाग निघेना. तळहाताएवढा असेल, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर. त्याने पट्टी दाबून फिरवली, नखाने ओरखडलं. डाग जागचा हलला नाही. मग तो केबिनमध्ये चढला आणि सहज बोट लावलं. बोटाला बर्फ लागला.

बर्फ काचेच्या आतल्या बाजूला होता.

२

त्याचं डोकं लगेच कामाला लागलं. आदल्या दिवशी बुटांना लागून बर्फ आत आला असेल, वितळला असेल, पायाखालची मॅट ओली राहिली असेल. ती ओल रात्री वर चढून काचेवर बसली. झालं. त्याने मॅट काढून झटकल्या, चुलीजवळ वाळवल्या, संध्याकाळी खाली वर्तमानपत्रं अंथरली आणि दारं कुलूप लावून बंद केली.

दुसऱ्या दिवशी डाग बशीएवढा झाला होता. वर्तमानपत्रं कोरडी खडखडीत होती.

"अगं, ओल नाही, पाणी नाही, तरी आतून बर्फ धरतोय," तो चहा घेताना म्हणाला.

ताई पोळपाट पुसत होती. "डाग कुठे आहे?"

"शेजारच्या सीटसमोर. बसलेल्या माणसाचं तोंड येईल तिथे."

"मग कुणीतरी तिथे बसून श्वास घेतंय," ताई म्हणाली. ती गोष्ट इतकी सरळ होती, की तिला हात थांबवायचीही गरज वाटली नाही. "बाहेर एवढी थंडी पडलीय. कुणी बिचारा घर नसलेला रात्रीचा शिरत असेल."

"कुलूप आहे ताई."

"तुझं कुलूप! मागच्या वर्षी तूच गाडीत किल्ली विसरलास आणि वायरीच्या तुकड्याने उघडलंस."

ते खरं होतं. तो हसला. पण बाहेर येऊन त्याने ट्रकभोवती एक चक्कर मारली. रात्री भुरभुर बर्फ पडला होता. त्यावर दारापासून ट्रकपर्यंत त्याचे स्वतःचे बूट उमटले होते, आता नुकतेच उमटलेले. दुसरं कुणी आलेलं नव्हतं.

इंजिन चालू होऊन बराच वेळ झाला होता. त्याने आत डोकावून पाहिलं. तापमानाचा काटा अजून तळाला टेकलेला होता.

३

डेपोतला मिस्त्री केस पांढरे झालेला, तोंडाने फटकळ माणूस. त्याने ट्रकच्या पोटात डोकं घातलं, पाइप चाचपले, थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकून पाहिला आणि नवा बसवला.

"जुनाही चांगलाच होता," तो हात पुसत म्हणाला. "सावकाश, तू गाडीला फार लाडावून ठेवलीयस. आता ती तापायलाही लाजते."

"मिस्त्री, तापते, पण ऊब जाते कुठे?"

"म्हणजे?"

म्हणजे काय ते त्यालाही धड सांगता येईना. हीटर पूर्ण सोडला तरी केबिन गरम होत नव्हती. एवढंच असतं तर हीटरमध्ये बिघाड म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच्या दाराकडचा गुडघा बरा राहायचा, आणि शेजारच्या सीटकडचा गारठून बधिर व्हायचा. घाटात गिअर टाकताना त्याची बोटं त्या बाजूच्या हवेत जायची आणि परत यायची ती सुईने टोचल्यासारखी. हीटरच्या जाळीसमोर हात धरला तर वारा गरम होता. तो गरम वारा सीटच्या अर्ध्यापर्यंत पोचायचा आणि तिथे संपायचा.

"दारातून वारा येत असेल," मिस्त्री म्हणाला. "रबर बदलून देतो."

रबर बदललं. सावकाशने मान डोलावली. परत येताना त्याने आपलं जाकीट शेजारच्या सीटवर टाकलं, एरवी टाकायचा तसंच. थोड्या वेळाने ते उचलून मांडीवर घेतलं. असं का केलं हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

४

त्याला न सांगता ताईने एक गोष्ट केली. संध्याकाळी तो आडवा झाला असताना तिने आपली जाड लोकरीची शाल आणि चहा भरलेला थर्मास केबिनमध्ये नेऊन ठेवला. तो थर्मास घरातला सगळ्यात चांगला. सकाळी भरला तर घाटापलीकडे दुपारीही जीभ भाजायची.

सकाळी तो दार उघडून जागीच थबकला. शाल शेजारच्या सीटवर होती. घडी मोडलेली आणि मधोमध फुगलेली, कुणी गुडघ्यांभोवती लपेटून घ्यावी तशी. त्याने ती ओढली. कापड लाकडासारखं कडक झालं होतं आणि त्या फुगवट्याखाली काहीच नव्हतं. थर्मासचं झाकण काढून नीट सीटवर ठेवलं होतं. त्याने थर्मास उलटा केला. काही पडलं नाही. आत चहाचा दगड झाला होता.

तो घरात आला तो तणतणतच.

"हे काय नवीन काढलंस? तुला कुणी सांगितलं होतं?"

ताईने थर्मास हातात घेतला, कानाशी हलवला, आत पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट, पाहुण्याने ताटातलं थोडंतरी खाल्लं याचं समाधान असावं तसं काहीतरी होतं.

"झाकण उघडलं होतं ना?" तिने विचारलं.

"ताई, चहा गोठलाय. या थर्मासात! माणूस झोपला असता तर शाल गरम नको?"

"पिता आला नसेल बिचाऱ्याला."

"कुणाला?"

ताईने शाल दोरीवर टाकली. चुलीच्या अगदी वर टांगूनही ती संध्याकाळपर्यंत कडक राहिली.

काच पुसताना त्याच्या लक्षात आलं, की डाग आता शेजारच्या सीटसमोर नव्हता. तो मधोमध आला होता, वायपरच्या जोडापाशी. स्टिअरिंगच्या बाजूला सरकला होता, की घराच्या बाजूला, हे त्याला ठरवता येईना, कारण त्या जागेवरून पाहिलं तर बरोबर समोर स्वयंपाकघराची खिडकी येत होती आणि खिडकीत चुलीचा उजेड.

५

त्यानंतर ऊन पडलं आणि डाग नाहीसा झाला. दोन-तीन दिवस काच आतून स्वच्छ, काटा वेळेवर वर. सावकाशचा जीव भांड्यात पडला. बहुधा रबरच खराब होतं, त्याने स्वतःची समजूत घातली. शालीचं आणि थर्मासचं कोडं त्याने बाजूला सारलं. सगळ्याच गोष्टींचा उलगडा झाला पाहिजे असं थोडंच आहे.

मग पुन्हा थंडी वाढली, आणि त्या सकाळी त्याचं डोकं दुखत होतं, नाक चोंदलं होतं. ताईने त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"तू दुधाकडे बघ. वहिनींना मी उठवते."

तिला सगळं येत होतं, इतक्या वर्षांत पाहून पाहून. तो चुलीपुढे उभा राहिला. पट्टीची खरखर ऐकू आली, मग दार, मग थोडी शांतता, मग स्टार्टर. इंजिनाने खोकून पाहिलं आणि धरलं. खडखडीत, कोपरे असलेला आवाज. आवाज गोल व्हायची तो वाट पाहत राहिला.

आवाज गोल झाला नाही. लहान होत गेला. ट्रक जागेवरच उभा होता, तरी कुणीतरी तो हळूहळू लांब नेत असावं तसा.

त्याने खिडकीतून पाहिलं. काच ताईने लख्ख केली होती. स्टिअरिंगमागे ती बसलेली, डोक्याला रुमाल बांधलेला. तिच्या तोंडासमोर काचेवर वाफेचा पांढरा गोल धरत होता, विरत होता, पुन्हा धरत होता. माणूस श्वास घेतो तसाच.

तिच्या शेजारी तसाच दुसरा गोल होता.

हीटरची हवा, त्याने मनात म्हटलं. दोन जाळ्या आहेत, दोन ठिकाणी हवा लागणार. पण हीटरची हवा वाफ घालवते, आणत नाही, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. तो नुसता बघत राहिला. ताईचा गोल उमटत होता, मग दुसरा. पुन्हा ताईचा, मग दुसरा. पाळीपाळीने, बोलणं चालल्यासारखं. आणि खरंच, ताईचे ओठ हलत होते. तिने मान शेजारच्या सीटकडे वळवली होती आणि ती हसत होती, घरात बसलेल्या माणसाशी हसावं तशी.

मग ताईचा गोल उमटायला उशीर होऊ लागला. दुसरा मोठा होत होता.

दूध उतू गेलं. त्याने पातेलंही उतरवलं नाही.

केबिनचं दार उघडलं तेव्हा थंडी त्याच्या दातांत शिरली. बाहेरच्यापेक्षा आत कितीतरी जास्त थंडी होती. ताईच्या पापण्यांवर पांढरे कण होते. ओठ निळे.

"दार लाव रे," ती सुस्त आवाजात म्हणाली. "किती छान ऊब आहे इथे. ऊब जाते ना बाहेर."

"ताई, उतर. उतर आधी!"

"बसू दे ना जरा. आम्ही बसलोय ना."

त्याने तिला काखेत हात घालून ओढून काढलं. तिच्या अंगाचं ओझं वाटलं नाही, पण तिचा एक हात शेजारच्या सीटवर राहू पाहत होता, आणि तो सोडवताना त्याला जोर लावावा लागला. इंजिन चालूच होतं. काटा तळाला टेकलेला.

६

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. अंगात थंडी भरलीय, म्हणाल्या, हाताला थोडी इजा झालीय, पण वेळेवर बोलावलंत. ऊब द्या, गरम पातळ द्या, उठू देऊ नका. सावकाशने तिच्या खोलीत लोखंडी शेगडी पेटवली, रजया घातल्या आणि उशाशी बसून राहिला. काय झालं होतं ते त्याने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या गालांवर रंग आला, ती थोडं सूप प्यायली आणि "चूल कुणी घासली?" म्हणून तिने विचारलं. त्याच्या जिवात जीव आला.

ट्रककडे तो फिरकला नव्हता. डेपोला निरोप पाठवला, तेव्हा दुपारी मिस्त्री स्वतःच गाडी न्यायला आला. सावकाश लांब, कुंपणापाशी उभा राहिला.

मिस्त्री चढला. पिवळा दिवा विझायचीही वाट न पाहता त्याने स्टार्टर मारला. इंजिन एका झटक्यात चालू झालं. धूर विरतो न विरतो तोच आवाज गोल झाला.

"अरे, काटा बघ!" मिस्त्री खिडकीतून ओरडला. "धावतोय नुसता! आत भट्टी झालीय. काय म्हणत होतास तू?"

"काचेला आतून काही आहे का?"

"काच? कोरडी ठणठणीत. सावकाश, काही दिवस रजा घे बाबा."

ट्रक वळला, मैद्याची पोती घेऊन रस्त्याला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत सावकाश पाहत राहिला. गेलं एकदाचं, त्याला वाटलं. खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. चहाचं आधण ठेवावं, ताईला सांगावं, म्हणून तो घरात गेला. दारातच त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गाडी आता नीट तापत होती. म्हणजे गाडीत काही उरलं नव्हतं.

ताईच्या खोलीत शेगडी ढणढण पेटलेली होती. लाल जाळ, फुटणारी लाकडं. ताईने अंगावरच्या रजया लाथाडून दिल्या होत्या.

"किती छान ऊब आहे रे आज," ती म्हणाली.

तिच्या उशाशी पाण्याचा पेला होता. पेल्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. त्याने पुढे होऊन शेगडीच्या लोखंडाला हात लावला. आत जाळ नाचत होता आणि लोखंड इतकं थंड होतं, की बोटांची कातडी त्याला चिकटली.

ताई पलंगाच्या मध्ये झोपली नव्हती. ती अंग चोरून भिंतीला टेकून पडली होती. उरलेली अर्धी गादी मोकळी होती. उशी त्या बाजूलाही दबलेली होती, आणि चादरीवर काहीही नसताना चादर हळूहळू, जड माणसाने कूस बदलावी तशी, ताणली जात होती.

"सरकले ना मी," ताई म्हणाली. ती त्याच्याशी बोलत नव्हती.

या वेळी त्याने कारणं शोधली नाहीत. पायथ्याकडून, भिंतीलगत हात घालून, ती मोकळी अर्धी गादी टाळून, त्याने बहिणीला उचललं आणि अनवाणी बाहेर पडला. भर दुपार होती. लोक खिडक्यांतून बघत होते. तो थेट बेकरीत शिरला.

७

बेकरीवाल्या काकूंनी काही विचारलं नाही. ज्या घरात भट्टी कधी विझत नाही, तिथे थंडी भरलेल्या माणसाचं काय करायचं हे सांगावं लागत नाही. भट्टीमागच्या खोलीत त्यांनी खाट टाकली. ती भिंत दिवसरात्र तापलेली असे. सावकाश ताईच्या पायथ्याशी बसला आणि पहाटे केव्हातरी, पाव निघायच्या वेळी, त्याने तिच्या तळव्याला हात लावून पाहिला. तळवा कोमट होता. तो तिथेच बसल्या बसल्या रडला.

ताई बरी होत गेली. तिच्या एका हाताची बोटं तेवढी पूर्वीसारखी वळेनात. काकूंना ती पाकिटं भरायला मदत करू लागली, काकूंशी भांडूही लागली, तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. सावकाश पुन्हा त्याच ट्रकवर गेला. ट्रक डेपोतच उभा असायचा, सकाळी शहाण्यासारखा तापायचा. घराचा विषय दोघंही काढत नव्हते.

थंडी मोडली. छपरांवरून पाणी ठिबकायला लागलं, रस्त्यात चिखल झाला. ताईचे कपडे आणायला हवे होते, म्हणून एका दुपारी तो घराकडे गेला. उन्हाने पाठ तापत होती. शेजारच्या अंगणात कुणीतरी सतरंज्या वाळत घातल्या होत्या.

घराच्या सगळ्या खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या.

बाहेरून काचा कोरड्या होत्या, उन्हात चमकत होत्या. पांढरं होतं ते आतून, दुधासारखं दाट, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तो स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभा राहिला, पूर्वी ट्रक उभा असायचा तिथे. किल्ली त्याच्या हातात होती.

ओला तळवा काचेवर फिरला की येतो तसा बारीक आवाज आला. काचेवरच्या पांढऱ्यात, चुलीपुढे उभ्या असलेल्या माणसाचं तोंड येईल त्या उंचीवर, एक लहानसा गोल पुसला गेला. अगदी निवांतपणे. कुणाची तरी वाट पाहणारं माणूस, रस्त्यावर चाहूल लागली की पुसून बघतं तसा.

त्या गोलातून त्याला काय दिसलं, हे त्याने पुढे कुणालाच सांगितलं नाही. तो पळाला नाही एवढं खरं. वळला आणि चालत परत आला.

ताई भट्टीच्या भिंतीला पाठ लावून पाकिटं चिकटवत बसली होती. त्याचे रिकामे हात तिने पाहिले.

"कपडे नाही आणलेस?"

"नवीन घेऊ."

ती वाकडी बोटं कागदावर फिरवत राहिली. मग मान वर न करता, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "एकटंच असेल ना रे ते तिथे?"

कोपऱ्यातली खुर्ची त्याने ओढली, ती बहिणीच्या आणि दाराच्या मध्ये ठेवली, आणि तिच्याकडे तोंड करून बसला.